काटा हलतो, आवाज नाही

सोमवार, ४

ही वही आजपासून लिहायची, कारण आमच्या घरात हल्ली तोंडी गोष्टीला काही अर्थच उरलेला नाही. मी म्हणतो, मला कुणी सांगितलं नाही. ते म्हणतात, सांगितलं होतं. इकडे मी एकटा आणि समोर तिघं: बायको, धाकटा भाऊ आणि भावजय. तिघं मिळून एकच सांगायला लागले की मी खोटा पडणारच. तेव्हा जे घडेल ते तारीख टाकून लिहून ठेवणार आहे.

आजचंच घ्या. सकाळी वायरलेसच्या खोलीत बसलो, ट्रकशी बोलायचा सीबी सेट लावला, माइकचं बटण दाबलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "ऐकू येतंय का?" ही वडिलांनी घालून दिलेली रीत. खाणीवरच्या प्रत्येक ट्रकने यावर "येतंय" म्हणायचं, मग दिवस सुरू. आज एकाचंही उत्तर आलं नाही. खिडकीतून पाहिलं तर ट्रक केव्हाच कामाला लागलेले.

खाण डोंगराच्या माथ्यावर आहे. दगड भरून ट्रक खाली येतात, रिकामे वर जातात, आणि मधला रस्ता एकाच ट्रकपुरता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. म्हणून नियम असा: वरून निघणाऱ्याने सेटवर "सुटलो" म्हणायचं. खालच्याने फाटकापाशी थांबायचं आणि मी "ये" म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही. भरलेला ट्रक उतारावर मनात आलं म्हणून थांबत नाही. माझ्यापर्यंत "सुटलो" पोचलं नाही तर कुणाच्या तरी घरी मी काय तोंड दाखवणार आहे?

आणि आता ते पोचत नाही. सेटचा पल्ला कमी झालाय, दुसरं काय.

मंगळवार, ५

धाकट्याला म्हटलं, सेटचा पल्ला वाढवायला हवा, एरियल उंच करू. तर हा म्हणतो, "दादा, सेटला काही झालेलं नाहीये." आणि पुढे काहीतरी पुटपुटला.

"तोंडात काय धरलंयस? नीट बोल," मी म्हटलं.

तर असा ओरडला की मी दचकलो. "सेट चांगला आहे! उगाच त्याच्या मागे लागू नकोस!"

याला काही मधलं म्हणून जमतच नाही. आधी कुजबुजायचं, मग अंगावर धावून आल्यासारखं बोलायचं. लहानपणी असा नव्हता. माझं बोट धरून खाणीवर यायचा, खडी फोडायच्या यंत्राला घाबरून माझ्या सदऱ्यात तोंड खुपसायचा. त्या यंत्राशेजारी मी उमेदीची सगळी वर्षं उभा राहिलो, ते याला शिकवता यावं म्हणून. आता ट्रक चालवतो, हिशेब बघतो, आणि मला सांगतो की मागे लागू नकोस.

सेट चांगला व्हावा यात ट्रक चालवणाऱ्याचं काय वाईट आहे? कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवार, ८

काल आणि आज मी स्वतः छपरावर चढून सगळं पाहिलं. एरियल पत्र्याला लागून, पाण्याच्या पाइपला बांधलेलं. वायरच्या जोडात गंज. उरलेल्या वायरचं वेटोळं करून खिळ्याला टांगलेलं. एवढ्या हलगर्जीपणानंतर आवाज कुठून येणार? वायर उतरवताना जोड बोटांत मोडला, तो तसाच पुन्हा पिळून बसवला. बरं वाटलं. दोष सापडला की माणसाला बरं वाटतं.

खाली उतरलो तर बायको दारात कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणे, जेवायला बोलवायला कधीची घंटी वाजवतेय. म्हटलं, घंटी बिघडली असेल, या घरातली प्रत्येक वस्तू बिघडलेली आहे. तिने माझ्यासमोर घंटी पुन्हा दाबली. वाजली नाही. मी तसं म्हटलं, तर ती घंटीवरचा हात काढून आत निघून गेली.

मला ठाऊक आहे तिच्या मनात काय आहे ते. गेल्या वर्षी एकदा म्हणाली होती, तुम्हाला ऐकायला कमी येतं, डॉक्टरला दाखवू. तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठलो होतो आणि चार दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. फाटकावर कुत्रं भुंकलं तरी मला ऐकू येतं. लोकांनीच हळू बोलायची सवय लावून घेतलीय, त्याला मी काय करणार? तेव्हापासून तिने तो विषय काढलेला नाही, म्हणजे पटलं असणार.

या वर्षी खोलीमागच्या झाडावर पक्षी नाहीत, हेही लिहून ठेवतो. मोबाइलच्या टॉवरमुळे म्हणतात.

सोमवार, ११

गावातला मेकॅनिक आला. छोटी गाडी, मागे सगळं दुकान भरलेलं. एरियल आणि सेट यांच्यामध्ये त्याने एक मीटर लावलं. म्हणे, सेटमधून निघालेली ताकद एरियलमधून बाहेर जाते का उलटी परत येते ते यावर कळतं. आमची निम्मी परत येत होती. मी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा चपलांकडे बघत होता.

मग तो गाडी घेऊन खाणीवर गेला, तिथून माझ्याशी बोलायला. मी विचारलं, ऐकू येतंय का. बराच वेळ वाट पाहिली. काही नाही. सेटवरचा छोटा काटा मात्र उजवीकडे जाऊन थरथरत होता, उगाचच. तो खाली आल्यावर मी म्हटलं, "काय हो, बोलला नाहीत?"

"बोललो की. चांगलं दोन मिनिटं बोललो. तुमचं सगळं स्वच्छ ऐकू आलं मला."

"मग मला कसं नाही आलं?"

त्याने सेटकडे हात नेला. सेटवरचं एक बटण पूर्ण उलटं फिरवलं, हे खरखर दाबून धरायचं बटण, आणि आवाजाचं बटण सगळं वाढवलं. सेट अगदी शांत. मी म्हणणार होतो की बघा, खरखर गेली, एवढ्यात बायको स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आली. मेकॅनिकने घाईने बटण बंद केलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने हळूच मान हलवली, नको अशी. माझ्या पाठीमागे नाही, माझ्या डोळ्यांदेखत! माझ्याच खोलीत यांची नेत्रपल्लवी चाललेली.

मेकॅनिकला यांनी आधीच गाठून ठेवलंय. तरी काम त्यालाच दिलं. दुसरा आणला तर तोही यांचाच निघेल, निदान याचं तोंड ओळखीचं झालंय.

शुक्रवार, १५

एरियल उभं राहिलं! लोखंडी खांब, तीन बाजूंनी ताण दिलेल्या तारा, माथ्यावर नवं लांब एरियल, त्याच्या बुडाला चार आडव्या काड्या. वायर नवी, कुठे जोड नाही, वेटोळं नाही. मेकॅनिकने टोक नखभर कापलं, मीटर पाहिलं, पुन्हा कापलं. शेवटी काटा म्हणे जिथे हवा तिथे आला. उंची हे खरं औषध, बाकी सगळा मसाला, असं तो म्हणाला. मला ते आवडलं. माणूस विकला गेलाय, पण कामात गडबड करत नाही.

जाताना माझ्या अगदी जवळ येऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलला. "मालक, आता तुमचा आवाज दोन डोंगर ओलांडून माझ्या दुकानात येईल. पण लांब पोचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. आणि एक सांभाळा. तुम्ही बोलत असाल तेव्हा बाकीचे छोटे सेट तुमच्याखाली झाकले जातात. बोलून झालं की बटण लगेच सोडा."

मला शिकवतोय! हा सेट आमच्या वडिलांनी आणला तेव्हा हा पाळण्यात असेल.

शनिवार, १६

नव्या एरियलवरचा पहिला दिवस. "ऐकू येतंय का?" काटा मस्त हलतो. आवाज नाही.

आणि हे ड्रायव्हर नवीन काय करायला लागलेत बघा. फाटकापाशी आले की दिवे मिचकावतात, खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा दाखवतात. वरून उतरणारेही वळणावर दिवे लावतात. भर उन्हात! लंबूला मी विचारलं, हा काय प्रकार आहे. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, आवाज ढोलासारखा. म्हणाला, "धाकट्या मालकांनी सांगितलंय. तुम्हाला दिसावं म्हणून."

मला काय दिसावं? मी खोलीत शोभेला बसवलेला आहे का, येणाऱ्या-जाणाऱ्याने सलाम ठोकायला?

मनातून फार वाईट वाटलं. पण हे वहीतच लिहिलेलं बरं.

सोमवार, १८

सापडलं!

लंबू चहा प्यायला उतरला होता. मी सहज त्याच्या ट्रकमध्ये डोकावलो. आमचं चॅनेल चौदा, वडिलांच्या वेळेपासून चौदा. त्याच्या सेटवर आकडा होता बावीस. पुढच्या ट्रकमध्ये पाहिलं, बावीस. धाकट्याच्या ट्रकमध्येसुद्धा बावीस.

म्हणजे सकाळी मला चौदावर उत्तरही द्यायचं नाही आणि सगळ्यांनी बावीसवर जायचं. तिथे यांचा स्वतंत्र कारभार. मी चौदावर एकटा, भिंतीशी बोलतोय.

खोलीत येऊन हळूच बावीस लावलं. काटा नाचत होता हो! घटकेत इकडे, घटकेत तिकडे. भरपूर बोलणं चाललेलं. आणि आवाज म्हणून नाही. नुसती मुंगी चालावी तशी काहीतरी कुरकुर. बोलणं फक्त आपापसांत पोचावं आणि तिसऱ्याला कळू नये अशी काहीतरी युक्ती यांनी त्या मेकॅनिककडून करून घेतली असणार. एरियल लावताना माझ्या सेटलाही त्याने हात लावलाच होता.

मंगळवार, १९

आज फाटकाजवळच्या पत्र्याआड उभा राहिलो. स्वतःच्या खाणीवर चोरासारखा उभा राहायची वेळ आली. पत्र्याला टेकून लंबू दुसऱ्या ड्रायव्हरला सांगत होता. त्याचा आवाज मला व्यवस्थित ऐकू येतो, हा बघा पुरावा. तो म्हणाला, "ये म्हणणार त्या वहिनीच. मधल्या वळणावरून सगळं बघतात त्या. पण दादांना कळता कामा नये, काय?"

वहिनी म्हणजे आमची भावजय. मधल्या वळणावर तिची केबिन आहे, फेऱ्या मोजायला. हातात एक छोटा सेट दिलेला आहे, चहा सांगायला आणि कुणाला बरं नसेल तर कळवायला. तो सेट घेऊन बाई रस्ता चालवतात! माझ्या खुर्चीला हात न लावता खुर्ची काढून घेतली की यांनी.

आता सगळं स्पष्ट दिसतंय. धाकट्याचे कान भरले जातायत. आधी मला निरुपयोगी ठरवायचं, मग म्हणायचं, दादा, आता घरी बसा. मग खाण यांची. पल्ला वाढवायला धाकटा का नको म्हणत होता, तेही कळलं. पल्ला वाढला असता तर बावीसवरचं बिंग फुटलं असतं.

भावजयीला मी मुलीसारखी मानत होतो. ती लग्न होऊन आली तेव्हा केबिनला खिडकी हवी म्हणाली, तर मी स्वतः भिंत फोडून दिली होती. त्याच खिडकीतून ती आता माझा रस्ता बघते.

गुरुवार, २१

जेवणं झाल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांत बघत सावकाश बोलायला लागली. तिच्या ओठांवर "कान" दिसला, "डॉक्टर" दिसलं. पुढे "धाकटे भाऊजी रडले" असंही काहीतरी. मी हात काढून घेतला.

"तूसुद्धा?" म्हटलं.

ती रडली. मला वाईट वाटलं, पण उठलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला फितवता येतं, तर मग कुणाचा भरवसा धरायचा? उद्या सोक्षमोक्ष लावतो. आता माझ्याकडे उंच एरियल आहे. माझा आवाज या डोंगरात सगळ्यांच्या वर आहे. उद्या बावीसवर मीच.

शुक्रवार, २२

धाकट्याचा ट्रक डोंगराला धडकला. धाकटा जिवंत आहे. बाकी काही लिहवत नाही.

रविवार, २४

लिहिलंच पाहिजे. नाहीतर उद्या तिघं मिळून वेगळंच सांगतील.

शुक्रवारी सकाळी मी बावीसवर गेलो आणि बटण दाबून सगळ्यांना सुनावलं. म्हटलं, तुमचं चोरटं चॅनेल मला सापडलंय. आजपासून इथेही मीच. मधल्या वळणावरून कुणी "ये" म्हणायचं नाही, म्हटलं तर कुणी ऐकायचं नाही. माझा आवाज आल्याशिवाय एक चाक हलता कामा नये. बोलून बरं वाटलं. छातीतून काहीतरी मोकळं झालं.

मग बटण सोडून कानोसा घेतला. नीट, डोळ्यांत तेल घालून. कुणी "सुटलो" म्हणालं नाही. काटा दोन-तीनदा पार टोकाला गेला, पण तो काटा पहिल्यापासून बिघडलेलाच आहे. फाटकावर लंबू ट्रकमध्ये चढताना दिसला. मी बटण दाबून म्हटलं, "लंबू, ये." काटा पुन्हा हलला. मी पुन्हा बटण दाबलं. म्हटलं, "ये रे, कुणी नाही. आता बघा, काम कसं चालवायचं ते." आणि बटण दाबूनच ठेवून मी बाकीच्यांना आणखी चार गोष्टी सांगत राहिलो. लंबूने दिवे मिचकावले आणि वर गेला.

वरून धाकटा येत होता, दगड भरून.

मधल्या वळणाच्या पुढे दोघं समोरासमोर आले. धाकट्याने ट्रक दरीकडे जाऊ दिला नाही, लंबूवर जाऊ दिला नाही, डोंगरात घातला. लंबूला खरचटलंही नाही. धाकट्याचा पाय मांडीपासून मोडलाय, खांदा मोडलाय. दार कापून बाहेर काढला.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्याने "सुटलो" का म्हटलं नाही? माझ्यावरच्या रागापोटी? मला खोटं पाडायला माणूस स्वतःचा जीव पणाला लावतो का? हे लिहितानाच मला कळतंय की नाही लावत. पण मग काय?

सोमवार, २५

दवाखान्यात लंबू भेटला. मी त्याला बाजूला घेतलं.

"मी विचारलं होतं दादा," तो म्हणाला. "तुम्ही ये म्हणालात तेव्हा मी विचारलं, वरून कुणी नाही ना? मी टायर बघायला उतरलो होतो, मधलं काही ऐकलं नव्हतं, म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, कुणी नाही, ये. मग मी गेलो. तुम्ही म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार?"

"धाकटा सुटलो म्हणाला नाही, हे तर खरं?"

लंबूने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याच्यासमोर उभं राहवेना.

बाहेर आलो तर मेकॅनिकची गाडी. धाकट्याला बघायला आला होता. मी त्याची कॉलर धरली. लोक बघायला लागले. म्हटलं, सेटमध्ये काय केलंस ते सांग. त्याने कॉलर सोडवून घेतली नाही. तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "मालक, मी दुकानात सेट लावून बसलो होतो. तुमचं एरियल कुठवर पोचतं ते बघायला. तुमचा भाऊ वरून सुटलो म्हणाला. पुन्हा पुन्हा म्हणाला. उंचावर होता, मला गावात स्वच्छ ऐकू आलं."

एक लंबू, एक मेकॅनिक, एक बायको. सगळ्यांना एकच खोटं कसं पाठ असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो.

बुधवार, २७

धाकटा आज शुद्धीवर नीट आहे. मी खोलीत गेलो तर त्याने डावा हात पुढे केला, उजवा बांधलेला. मी तो धरला. काहीतरी बोलला. ओठांवरून मला वाटलं, "चूक नाही तुझी." मी म्हटलं, मोठ्याने बोल. तो हसला आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

भावजय कोपऱ्यात उभी होती. शुक्रवारपासून त्याच साडीत. ती एकदम पुढे आली, माझ्या खांद्याला धरून मला स्वतःकडे वळवलं आणि कानाशी ओरडली. आयुष्यात ती माझ्याशी आवाज चढवून बोललेली नाही.

"मी थांब म्हणत होते दादा! लंबूला थांब म्हणून ओरडत होते! तुमचं बटण दाबलेलं होतं. तुमच्याखाली माझा आवाज गेला! खिडकीतून मला दोन्ही ट्रक दिसत होते, आणि मी ओरडत होते, आणि सेटमध्ये नुसते तुम्ही!"

तिचा शब्दन् शब्द मला ऐकू आला. कानाशी होती म्हणून.

धाकट्याने डाव्या हाताने तिला गप्प राहायची खूण केली. अजूनही. मला कळू नये म्हणून त्याने काय काय केलं असेल? चौदा, बावीस, ते दिवे, ते अंगठे. वर्षभर सगळी माणसं माझ्या भोवती तोल सांभाळत चालत होती, आणि मी त्यांच्या मागावर होतो.

पण हे खरं नसेल. खरं नसावं. उद्या बघतो.

शनिवार, ३०

तीन दिवस वायरलेसच्या खोलीत गेलो नाही. खाण बंद आहे. लांबून बघितलं तर तो खांब केवढा उंच दिसतो. मला लाज वाटते.

शुक्रवार, ६

धाकट्याला काल घरी आणलं. पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीवर बसवून अंगणात ठेवलाय.

आज सकाळी मी त्याच्या मांडीवर भावजयीचा छोटा सेट ठेवला. म्हटलं, मी आत जाऊन बसतो, तू बोल. त्याने नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, बोल. लहानपणी तू माझं ऐकायचास, तसं आज ऐक.

खोलीत गेलो. बायको माझ्यामागून आली, मी तिला येऊ दिलं. सेट लावला, बावीस. आवाजाचं बटण सगळं वाढवलं. खिडकीतून अंगणातला धाकटा दिसत होता, सेट तोंडाशी धरलेला.

काटा हलला. सावकाश उजवीकडे गेला आणि टोकाला टेकून थरथरत राहिला. मी सेटच्या जाळीवर तळहात ठेवला. जाळी कापत होती. आत कुणीतरी बोलत होतं. माझ्या हाताला ते कळत होतं. धाकट्याचे ओठ हलत होते. बायकोने डोळे मिटून घेतले होते.

मला काही ऐकू येत नव्हतं. पुटपुट नाही, कुजबुज नाही, काहीच नाही. त्या दिवशी सकाळीही काटा असाच टोकाला गेला होता, आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

मग काटा खाली पडला. धाकटा खिडकीकडे बघत थांबला.

"काय म्हणाला?" मी बायकोला विचारलं.

ती वाकली, माझ्या कानाशी तोंड आणलं. "रोजचंच," ती मोठ्याने म्हणाली. "दादा, ऐकू येतंय का?"

एवढी वर्षं हे मी विचारत आलो. उत्तर देणं आज पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. ट्रक फाटकापाशी उभे होते, सगळ्यांचे सेट चालू असणार. दोन डोंगरांपलीकडे मेकॅनिकच्या दुकानातही मी पोचतो. मी माइक उचलला आणि बटण दाबलं.

"नाही रे," मी म्हणालो. "नाही येत."

आणि लगेच बटण सोडलं.